हाडांचं घर बघायला

कोल्हापूरला जाऊन आलो असं सांगितलं की नाशकातली माणसं आधी माझ्या पायांकडे बघतात. पायात जुन्याच चपला दिसल्या की त्यांचा विश्वास उडतो. मग मटणाची चौकशी होते, देवीची होते. मी तिथे मुख्यतः हाडं बघितली असं म्हटलं की लोक विषय बदलतात. म्हणून हे लिहून काढतो आहे. मध्येच विषय बदलायची सोय यात नाही.

कारण घडलं ते सुशीलामावशीमुळे. ही माझ्या आईची धाकटी बहीण. काका वारणानगरला साखर कारखान्यात होते, त्यामुळे तिचं निम्मं आयुष्य तिथल्या कामगार वसाहतीत गेलं. काका वारल्यावर ती कोल्हापुरात राजारामपुरीला मुलाकडे, प्रकाशकडे, राहायला आली. प्रकाश दहावीच्या मुलांचा गणिताचा क्लास घेतो. गेल्या वर्षी मावशीच्या पित्ताशयातले खडे काढले. डॉक्टरांनी ते खडे बाटलीत घालून तिच्या हातात दिले आणि वॉर्डातली शिकाऊ मुलं ती बाटली बघायला गोळा झाली. एवढ्याशा खड्यांना एवढी गर्दी, मग आख्खी मी किती उपयोगाची असेन, असा हिशेब मावशीने खाटेवर पडल्या पडल्या केला. घरी येऊन तिने जाहीर केलं की मेल्यावर आपल्याला जाळायचं नाही, मेडिकल कॉलेजला द्यायचं.

प्रकाशचा फोन आला. "दादा, तुम्ही या. ती तुमचं ऐकतीया."

मावशी माझं कधी ऐकत होती हे मला आठवेना. पण बोलावलं की जावं, विशेषतः कोल्हापूरला. मी बॅग भरली.

राजारामपुरी

राजारामपुरीत गल्ल्यांना नावांपेक्षा आकडे जास्त. त्यामुळे पत्ता सापडतो, आणि सापडेपर्यंत निदान चाळीस दवाखाने व तितकेच क्लास वाचून होतात. माणसाला या भागात आजारी पडून बरं होऊन पुन्हा दहावीला बसता येईल. प्रकाशच्या क्लासच्या पाटीवर त्याचा कोट घातलेला फोटो होता. खाली उभा असलेला प्रकाश बनियनवर होता आणि कमरेच्या पट्ट्याला नवा मोबाइल लावलेला होता.

"जयभीम दादा. प्रवास बरा झाला न्हवं?"

आतून मावशीचा आवाज आला. कोल्हापुरी आवाज शेजारच्या गल्लीचा विचार करूनच काढलेला असतो. "आलास व्हय रं? ये. चष्मा जाड झाला की तुझा. ह्यानं बोलावलंय न्हवं तुला, मला समजवाय?"

मी म्हटलं, सहज आलो.

"सहज कोण येतंय नाशकातनं! बस. खाऊन घे, मग समजव."

शोकेसमध्ये प्रकाशला मिळालेल्या ढाली होत्या आणि त्यांच्या मधोमध खड्यांची बाटली. वर भिंतीवर काकांचा फोटो. काका तरुणपणी जत्रांतल्या फडात कुस्त्या खेळायचे. उजवा कान मोडलेला होता, फुगून गोळा झालेला, पैलवानांचा असतो तसा. फोटोत मात्र तो दिसत नाही. काका फोटोला उभे राहिले की मान वळवून चांगला कान पुढे करत. घरातल्या सगळ्या फोटोंत ते कुणाच्या तरी हाकेला वळल्यासारखे दिसतात.

जेवताना मी समजवायला सुरुवात केली. पांढऱ्या रश्श्यावर भाषण सुरू करणं ही चूक होती, कारण वाटी रिकामी झाली की मावशी ती भरायची आणि माझं वाक्य अर्धं राहायचं. माझ्याजवळ मुद्देही फारसे नव्हते. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच आमच्या घरातून पिंड आणि कावळा दोन्ही गेले, त्यामुळे तो आधार प्रकाशलाही घेता येत नव्हता. मी म्हटलं, "मावशी, तिथे कसं असतं, काय असतं, तुला माहीत नाही."

"तेच की," मावशी म्हणाली. कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल पुरुषांसारखंच बोलतात, तशीच तीही. "पोरगी द्यायच्या आदी घर बगाय जात्यात का न्हाई? मग मला कुटं देणार ते मी बगून येतो. पसंत पडलं तर द्या. न्हाई पडलं तर जाळा. भांडायचं कशाला?"

"आई, पसंतीचा प्रश्न न्हाई—"

"आणि देणारा तू हाईस," ती प्रकाशकडे वळून म्हणाली. "मी मेल्यावर काय रिक्षा करून जाणार हाय व्हय? तू फोन केलास तर ते येणार. तू न्हाई म्हणालास तर संपलं. म्हणून तू बी चल."

सगळा पेच तिने दोन वाक्यांत मांडला होता. तिने कितीही ठरवलं तरी तिचं माणूस जोवर हो म्हणत नाही तोवर त्या ठरवण्याला अर्थ नव्हता. प्रकाशने ताटातला भात इकडून तिकडे केला आणि म्हणाला, "बरं. जाऊ उद्या." मला वाटतं, बाटल्यांमधले अवयव बघून ती घाबरेल आणि आपलं काम परस्पर होईल अशी त्याला आशा होती. मलाही होती. माझ्या भाषणापेक्षा त्या बाटल्यांवर माझा जास्त भरवसा होता.

संध्याकाळी तो मला गंगावेशीत दूध प्यायला घेऊन गेला. तिथे म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या असतात, गवळी त्या समोरच पिळतात आणि फेसाळ ग्लास तसाच हातात देतात. आमच्याकडे दूध पिशवीतून येतं आणि म्हैस ही पिशवीवर छापायची गोष्ट आहे. ग्लास संपवताना मी विचारलं, "तुझी हरकत नक्की कशाला आहे?"

"लोक काय म्हणतील, दादा? आईला टाकून आलं म्हणतील. क्लासला पोरं येणार न्हाईत."

"गणित सुटतंय तोवर येतील."

तो हसला नाही. मिशीवरचा फेस पुसून त्याने दुसरा ग्लास मागवला. खरं कारण त्या ग्लासबरोबर त्याने गिळलं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

संग्रहालयात

सकाळी मिसळ. आमच्या मिसळीबरोबर पाव असतो, यांच्याकडे पावाचे काप. आमच्याकडे तर्री मागावी लागते, इथे कट न मागता ओततात आणि आपण नको म्हणेपर्यंत तो बशीत उतरलेला असतो. डोळ्यांतून पाणी येण्याचा त्या दिवसाचा तो पहिला प्रसंग.

मावशी ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून तयार होती. काहीच खाल्लं नव्हतं. आमच्या आजोळचा एक रिवाज आहे, तो इथेच सांगतो. घर बघायला गेलं की पसंती होईपर्यंत तिथल्या चहापाण्याला हात लावायचा नाही. चहा घेतला की होकार समजतात. आणि तो आधी घ्यायचा देणाऱ्याने, म्हणजे मुलीच्या बापाने किंवा भावाने. चहा तसाच ठेवून उठलं की समोरचे काय ते समजतात. कुणाला तोंडाने नाही म्हणावं लागत नाही. मला ही पद्धत फार सुसंस्कृत वाटते.

रिक्षावाल्याला प्रकाशने सांगितलं, म्युझियमला चल.

"पॅलेसवर न्हवं? चला की. पेंढा भरल्याला वाघ हाय, पावण्यांनी बगण्यासारखा."

"ते न्हवं. मेडिकल कॉलेजचं. हाडांचं."

त्याने आरशातून मावशीकडे बघितलं. "आजींचं हाड सरकलंय व्हय? मग डॉक्टर कशाला? आमच्या तालमीजवळ एक वस्ताद बसतोय. एक झटका दिला की—"

"माझी हाडं चांगली हायत," मावशी म्हणाली. "म्हणून तर चाललोय."

पुढचा रस्ता तो गप्प होता. कोल्हापूरच्या रिक्षावाल्याला गप्प केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

संग्रहालय जुन्या दगडी इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. शरीररचनेचा भाग जुना आणि शस्त्रक्रियेच्या इतिहासाचं दालन नवं. दालन नवं आहे हे दारातच कळतं, कारण तिथे माणसाएवढी संगमरवरी पाटी आहे. कुणाच्या शुभहस्ते, कुणाच्या प्रमुख उपस्थितीत, कुणाच्या विशेष उपस्थितीत, आणि ज्यांना या दोन्हींत बसवता आलं नाही त्यांच्या सन्माननीय उपस्थितीत. मी पाटी शेवटपर्यंत वाचली. आत ज्यांची हाडं आहेत त्यांच्यापैकी कुणाचंही नाव नव्हतं. ते उद्घाटनाआधीपासून उपस्थित होते, म्हणून राहिलं असावं. पाटीखाली दुसरी, पुठ्ठ्याची पाटी होती: 'पायताण बाहेर काढावे.' मला तीच जास्त आवडली.

विभागप्रमुख देसाई मॅडम स्वतः आल्या. पन्नाशीच्या, केसांत पेन खोचलेलं, बोलणं सावकाश. प्रकाशने फोनवर नक्की काय सांगितलं होतं कोण जाणे, पण त्यांनी मावशीला "या मावशी" म्हटलं आणि पुढचा तास तिच्या डाव्या बाजूने, तिच्याच चालीने चालल्या.

फॉर्मालिनच्या वासाने आत शिरताक्षणी डोळे झोंबायला लागले. डोळ्यांतून पाणी येण्याचा दुसरा प्रसंग. प्रकाश आणि मी रुमाल काढून उभे, आणि दारातला पहारेकरी आमच्याकडे अत्यंत सहानुभूतीने बघत होता. मावशीच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बाईला फॉर्मालिनचं काय?

बाटल्यांनी तिला घाबरवायचं होतं. बाटल्यांनी ते काम केलं नाही. हृदय, मूत्रपिंड, अर्धा चिरलेला मेंदू, सगळं ती बाजारात भाजी बघावी तसं वाकून बघत गेली. यकृत बघून म्हणाली, "काळीज एवढं मोठं असतंय व्हय? मग ह्यो माणूस रागावतो कशाला एवढा?" हे प्रकाशला उद्देशून होतं. पण मुख्यतः ती घर बघत होती. खिडक्यांच्या गजांवरून बोट फिरवून धूळ बघितली. पंखा लावून बघितला. "रातीचं कुलूप कोण लावतंय?" "उंदीर हायत?" "अंगावर कापड असतंय का उघडंच ठिवता?" मॅडम प्रत्येक प्रश्नाला सरळ उत्तर देत होत्या. कापड असतं. शिकवताना जेवढा भाग लागतो तेवढाच उघडायचा, हे पहिल्याच दिवशी मुलांना सांगतात. हसलेलं चालत नाही.

कोपऱ्यात एक सांगाडा उभा होता, पिवळट, एका गुडघ्याला तार बांधलेली.

"ह्यो कोण?"

"माहीत नाही, मावशी. फार जुना आहे. पूर्वी बेवारस असलेली माणसंच यायची."

मावशी थोडा वेळ त्याच्यापुढे उभी राहिली. "मंजी ह्याला कुणी दिलाच न्हाई," ती म्हणाली. "आपला आपणच आलाय."

प्रकाशने रुमाल खिशात ठेवला होता तो परत काढला.

नव्या दालनात शस्त्रं होती. जुन्या काळची हाड कापायची करवत सुताराच्या करवतीसारखीच होती, फक्त मुठीला नक्षी. कापल्या जाणाऱ्याला तेवढाच विरंगुळा. क्लोरोफॉर्म द्यायची तारेची जाळी हुबेहूब चहाच्या गाळण्यासारखी. प्राचीन ग्रंथांत वर्णन केलेली सिंहमुखी, काकमुखी यंत्रं हुपरीच्या चांदीकाम करणाऱ्या कारागिराकडून घडवून घेतलेली. ती इतकी देखणी झाली आहेत की त्यांनी शस्त्रक्रिया करण्यापेक्षा ती कुणाच्या लग्नात आहेर म्हणून द्यावीत.

आणि मधोमध चौथऱ्यावर प्राचीन शल्यवैद्याचा अर्धपुतळा. नाक कापलं गेलं तर नवं करायचं, कान फाटला तर जोडायचा, ही विद्या ज्यांच्याकडून जगाने घेतली असं आपण अभिमानाने सांगतो, ते हे. दाढी ऋषीची होती. पण मान चांगली घमेल्याएवढी रुंद, खांदे दरवाजात न मावणारे आणि दोन्ही कान मोडलेले. फुगून गोळा झालेले, घड्या मिटलेले.

मी मॅडमकडे बघितलं. त्यांना बहुधा सगळ्यांचंच असं बघणं सवयीचं झालं होतं.

"शिल्पकार आमच्याच गावचे," त्या म्हणाल्या. "जन्मभर पैलवानांचे पुतळे केले. त्यांना म्हटलं, तेजस्वी पुरुष पाहिजे. त्यांच्या हिशेबात तेजस्वी पुरुषाचे कान असेच असतात. उद्घाटनाच्या दिवशी फडकं काढलं तेव्हाच कळलं. आता समितीनं ठरवलंय, पुढचे पाहुणे यायच्या आत कान दुरुस्त करून घ्यायचे."

"ज्यांनी कान जोडायला शिकवलं त्यांचेच," मी म्हटलं.

मावशी मात्र हसत नव्हती. ती पुतळ्यासमोर पदर सावरून उभी होती, घरात अचानक आपलं माणूस आल्यावर राहावं तशी. "ह्यो तर आपल्या फडातला दिसतोय," ती म्हणाली.

तेवढ्यात प्रकाश चौथऱ्याजवळ गेला. 'हात लावू नये' अशी पाटी होती. ज्याच्या क्लासमध्ये भिंतीला पाय लावलेला चालत नाही त्या प्रकाशने हात वर केला आणि पुतळ्याचा उजवा कान मुठीत धरला. तसाच धरून राहिला.

"बाबा खांद्यावर बसवायचे," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. "जत्रंत. पडू ने म्हणून ह्योच धरायचो. मुठीत बरोबर बसायचा." मग माझ्याकडे वळून, "एका फोटोत न्हाई, दादा. राख नदीत सोडली. मला आता जायला कुठं जागाच न्हाई. आईचं बी तसंच व्हायचं."

गंगावेशीत गिळलेलं कारण हे होतं.

मॅडमनी पाटीकडे बोट दाखवलं नाही. म्हणाल्या, "चला, चहा घेऊ."

चहा

त्यांची खोली दालनाला लागूनच होती. दार उघडं होतं आणि दारातून पुतळ्याचा एक खांदा आणि एक कान दिसत होता. चहा आला, कोल्हापुरी, दाट आणि गोड. मिसळीने तोंड पोळलेलं होतं. मी कप उचलला आणि एक मोठा घोट घेतला.

"ए!" मावशी ओरडली. "तू कोण देणारा?"

मी कप खाली ठेवला. माझी पसंती कुणी विचारली नव्हती आणि ती आता परत घेता येत नव्हती. मॅडम गोंधळल्या, म्हणून मी त्यांना रिवाज सांगितला. त्या हसल्या. "माझ्या आत्याच्या वेळी तीन घरांतला चहा तसाच राहिला होता. चौथ्या घरात आजोबांनी स्वतः मागून घेतला." मग त्या प्रकाशकडे वळल्या आणि गप्प बसून राहिल्या. शिक्षक म्हणून त्यांचा दर्जा मला तिथे कळला.

चहावर साय धरली. प्रकाशने बराच वेळ त्या सायीकडे बघितलं. मग विचारलं, "सणावाराला भेटायला येऊ देणार का?"

मला वाटलं मॅडम काहीतरी गोड बोलतील. त्या बोलल्या नाहीत. "खरं सांगते. आत कोण कुठलं ते मुलांना माहीत नसतं, आणि मी तुम्हालाही सांगणार नाही. वर्ष संपताना मुलं फुलं वाहतात. त्या दिवशी तुम्ही या. पण फूल सगळ्यांना वाहायचं, एकट्या आईला नाही."

"आणि इतर दिवशी?"

"संग्रहालय उघडं असतं. पायताण बाहेर काढायचं आणि यायचं."

प्रकाशने दारातून बाहेर बघितलं. "मग मी तिथं येऊन बसलो तर चालंल? पुतळ्यापाशी?"

"चालेल की. बाकडं ठेवायला सांगते."

"एक अट हाय," मावशी मध्ये पडली. मुलीकडच्यांनी अट घालायची नसते, पण तिला कोण सांगणार? "कान दुरुस्त करायचे न्हाईत."

मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच अडचण दिसली. "समितीचा ठराव आहे, मावशी. पाहुणे हसतात."

दोन दिवसांत माझा कुणाला उपयोग झाला नव्हता, म्हणून मी तोंड घातलं. "एक पाटी लावा. 'कान: शस्त्रक्रियेपूर्वीची अवस्था.' पाहुणे हसणार नाहीत, मान डोलवतील."

मॅडमनी केसांतलं पेन काढलं, हातावर काहीतरी लिहिलं आणि पेन परत खोचलं. "समितीपुढे ठेवते," त्या म्हणाल्या. "पाटी म्हटलं की समिती सहसा नाही म्हणत नाही."

प्रकाशने कप उचलला. साय बाजूला सारली नाही, फुंकर घातली नाही. गार झालेला चहा त्याने एका दमात संपवला आणि कप बशीत उपडा ठेवला. मग मावशीने आपला कप घेतला, बशीत ओतला आणि सावकाश प्यायली. सकाळपासून तिच्या पोटात गेलेलं ते पहिलं. डोळ्यांतून पाणी येण्याचा तिसरा प्रसंग. त्याचं खापर मी फॉर्मालिनवर फोडतो.

"गार झाला हो," मॅडम म्हणाल्या. "दुसरा सांगू का?"

"सांगा की," मावशी म्हणाली. "आता काय, घरचंच हाय."

मी परत आल्यावर महिन्याभराने प्रकाशचा फोन आला. समितीने पाटी मंजूर केली होती आणि अर्थातच पाटीचं अनावरण ठरलं होतं, शुभहस्ते, प्रमुख उपस्थितीत. मावशीला पहिल्या रांगेतलं निमंत्रण होतं. मी विचारलं, जाणार का ती? फोनमध्ये खडखडाट झाला आणि मागून मावशीचा आवाज आला, शेजारच्या गल्लीसकट मला ऐकू येईल असा:

"ठरल्यावर पोरीनं सारखं सासरी जाऊ ने, म्हणावं!"